आत्याच्या धाकट्याच्या सेमिनरीविषयी

हॅरो, लंडन
रविवार

प्रिय पपा आणि आई,
सप्रेम नमस्कार.

परवा फोन सारखा कट होत होता, म्हणून अर्धंच बोलणं झालं. नंतर आईने व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं कळवलं. आत्याचा धाकटा सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण घ्यायला, जायचं म्हणतोय आणि त्याचा सगळा खर्च आपण उचलणार, असं पपा आत्याला सांगूनही बसलेत. पैसे अर्थात दादाने आणि मी पाठवायचे. पैशांना माझी ना नाही. फक्त ते त्याच्या नावाने देऊ नका. फोनवर हे बोलले असते तर पपांनी मला मध्येच गप्प केलं असतं, म्हणून लिहितेय.

पोरगा आत्ता बारावी झालाय. गोरेगावला जाईल नाहीतर पुण्याला, तत्त्वज्ञान शिकेल, मध्ये एखादं वर्ष कुठल्यातरी धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) काम करील, मग ईशज्ञान, म्हणजे धर्मशास्त्र. गुरुदीक्षेपर्यंत, म्हणजे फादर होईपर्यंत, सात-आठ वर्षं सहज जातात. आपल्याला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे की नाही, हे पारखायलाच तर ती वर्षं असतात. चौथ्या वर्षी त्याला वाटलं की हे आपलं काम नव्हे, तर त्याने देवाशी बोलावं, फादर रेक्टरांशी बोलावं. मामाचे पैसे बुडाले, आता मामाला तोंड कसं दाखवू, हा विचार त्याच्या डोक्यात येताच कामा नये. आपल्या आळीतला एकजण असाच परत आला तेव्हा लोकांनी लग्नाच्या मांडवातसुद्धा त्याला सोडलं नव्हतं, आठवतंय ना? आणि त्याहून वाईट म्हणजे भिडेखातर कुणी फादर होणं. तसा फादर धर्मग्रामाला काय देणार?

आता पपा म्हणतील, लोक पूर्वीपासून असं देत आलेत. देत आलेत, खरं आहे. १८८९ मध्ये नागासाकीच्या बिशपांनी फ्रान्समधल्या काँ शहरात राहणाऱ्या स्टेफनी बिगार आणि तिची मुलगी जान यांना पत्र लिहिलं होतं. फादर व्हायला मुलं तयार आहेत, पण पैशांअभावी त्यांना परत पाठवावं लागतंय, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं. नागासाकी म्हणजे आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचं नागासाकी, १५९७ मध्ये तो जिथे क्रुसावर गेला ते. (तो फादर नव्हता, ब्रदरच होता, तरी संत झाला. आत्याला हे हळूच सांगायला हरकत नाही.) त्या मायलेकींनी जे काम सुरू केलं त्यातून संत पेत्राच्या नावाची संस्था उभी राहिली, आणि १९२२ मध्ये पोपनी ती आपल्या छत्राखाली घेतली. आता जगभरातून तिच्याकडे येणारा पैसा एका निधीत जमतो आणि तिथून मिशन मुलखातल्या सेमिनऱ्यांना वाटला जातो. देणाऱ्याला पोरगा माहीत नसतो आणि पोराला देणारा. मला हीच पद्धत पटते.

इथल्या लोकांना याचं अप्रूप नाही, कारण त्यांचेच फादर एके काळी परक्यांच्या दानावर शिकलेत. आमच्या पॅरिशमधून चेल्सीची अ‍ॅलन हॉल सेमिनरी बघायला गेलो होतो. जागा सोळाव्या शतकातल्या संत थॉमस मोरच्या घराची, बागेत एक जुनं तुतीचं झाड, तेही त्याच्याच वेळचं म्हणतात. मी वेड्यासारखी पिकलेली तुती शोधत फिरले! सेमिनरीचं मूळ मात्र आता फ्रान्समध्ये असलेल्या दुवे गावातलं. इंग्लंडमध्ये कॅथलिक फादर घडवायला बंदी होती, म्हणून विल्यम अ‍ॅलनने १५६८ मध्ये समुद्रापलीकडे, तेव्हा स्पेनच्या राजाकडे असलेल्या त्या गावात शाळा काढली. तिथून फादर होऊन मायदेशी परतणं १५८५ नंतर राजद्रोह ठरलं. शंभराहून जास्त जण त्यापायी मारले गेले. आणि आज आमच्या चर्चमध्ये मिस्सा कोण करतं, तर केरळचे फादर.

आता व्यवहाराचं. दादाकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, त्यामुळे त्याचा पैसा आपल्या कायद्याने परदेशी देणगी ठरतो. घेणाऱ्या संस्थेची त्या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी हवी, आणि पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्याने इथेच मिस्सिओकडे, म्हणजे पोपच्या मिशन संस्थांच्या इथल्या शाखेकडे, त्या संत पेत्राच्या संस्थेच्या निधीसाठी द्यावेत. तो इथे कर भरतो, म्हणून एक फॉर्म भरून दिला की त्याच्या प्रत्येक पौंडावर सरकार पंचवीस पेन्स घालतं. शंभराचे सव्वाशे, बसल्या जागी. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. मी माझ्या बचतीतून बँकेमार्फत सरळ वसईला पाठवले तर ती परदेशी देणगी होत नाही. ते मागतील तर पासपोर्टची प्रत देईन.

माझे पैसे वसई धर्मप्रांताच्या सेमिनरी निधीत जातील, फादर व्हायला शिकणाऱ्या सगळ्या मुलांसाठी. आत्याचा धाकटा त्यातच आला. आजोबांच्या नावाने बर्स ठेवायची असेल, म्हणजे मुद्दल तसंच राहून व्याजातून दरवर्षी कुणातरी मुलाचा खर्च निघेल, तर तेही चालेल. त्यांनी केळीची वाडी राखली, त्यांचं नाव राहायलाच हवं. पण त्यात ‘आमच्याच नातलगाला’ अशी अट नको आणि संगमरवरी पाटी तर अजिबात नको. व्याजदर पडले की बर्सही अपुरी पडते, तेव्हा आधी ऑफिसात विचारा सध्या किती रक्कम घेतात, आणि पावती कुणाच्या नावाने मिळते तेही.

आईने गुडघ्याचा एक्स-रे अजून काढलेला नाही, हे मला वहिनीकडून कळलं. या आठवड्यात काढा.

आत्याला हे पत्र वाचून दाखवू नका. तिला वाटेल मी हात आखडता घेतेय. बुधवारी माझी सुट्टी आहे, मी स्वतःच तिला फोन करीन.

तुमची,
धाकटी