करतेस ना प्रार्थना?

ऑक्सफर्ड
नोव्हेंबरातला दुसरा रविवार

प्रिय आईस,
प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

पाकीट बघून घाबरू नकोस. पोस्टमन दारात आला की तू आधी वाईटच धरणार, म्हणून पहिल्यांदा हेच लिहिते : सगळं ठीक आहे. पगार वेळेवर होतो, खोलीतला हीटर चालतो, खोकला गेला. रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं दादा म्हणेल. त्याला सांग, काही गोष्टी फोनवर माझ्याच्यानं होत नाहीत. तुझा चेहरा समोर आला की मी खोटं बोलते.

तू फोन ठेवताना रोज विचारतेस, "करतेस ना प्रार्थना?" मी म्हणते, "हो गं, करते." आई, पप्पा गेल्यापासून जवळजवळ अडीच महिने मी प्रार्थना केली नव्हती. एकदाही नाही. जेवणाआधीची दोन वाक्यंसुद्धा नाहीत.

आता घोटभर पाणी पी, मग पुढचं वाच.

त्या रात्री मी ड्यूटीवर होते. फोन लॉकरमध्ये. पहाटे चारला चहाला गेले तर दादाचे अकरा मिस्ड कॉल. पहिला बघितला तेव्हाच कळलं, अकरा वेळा कोणी उगाच फोन करत नाही. इनचार्ज बाईंना सांगितलं. त्या "सॉरी" म्हणाल्या, खांद्यावर हात ठेवला, आणि मग म्हणाल्या की बदली माणूस येईपर्यंत थांबावं लागेल. बदली माणूस सातला आला. मधले तीन तास मी कुशी बदलल्या, तक्ते भरले. एका आजोबांनी विचारलं, "बाळ, तुझे डोळे का लाल?" मी म्हटलं, झोप झाली नाही.

अंत्यविधी तुमच्याकडे चारला, म्हणजे इकडे साडेअकराला. दादानं फोन कोणाच्या तरी पोराच्या हातात दिला होता. त्यानं मला आभाळ दाखवलं, कोणाचं तरी कोपर दाखवलं, पाळकसाहेबांच्या झग्याची किनार दाखवली. मंडळी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हणत होती, ते तुकड्यातुकड्यानं येत होतं. पप्पा दिसलेच नाहीत. मग चित्र अडकलं, आवाज मात्र चालू राहिला. पेटीवर माती पडत होती. पहिली मूठ, दुसरी, मग फावडं. पलंगावर बसून मी तेवढंच ऐकलं.

मी यायला हवं होतं का, यावर आपण बोललोच नाही. आठ दिवसांवर इकडची नर्सिंगची परीक्षा होती. पहिल्या खेपेला मी एका स्टेशनात, म्हणजे परीक्षेच्या एका भागात, नापास झाले होते; औषध देण्याआधी रुग्णाला ऍलर्जी विचारायची राहिली, बस्स, तेवढंच. मुदतीत पास झाले नसते तर नोकरीही गेली असती आणि व्हिसाही. दादा म्हणाला, "तू पोचेपर्यंत माती झालेली असेल, परीक्षा दे." त्याचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या गोष्टीचाही एवढा राग येतो, हे मला माहीत नव्हतं.

परीक्षा दिली, पास झाले. पुढच्या रविवारी तू चर्चमध्ये उभी राहून साक्ष दिलीस की लेकीनं रात्रंदिवस प्रार्थना केली आणि प्रभूनं तिला यश दिलं. वहिनीनं मला व्हिडिओ पाठवला. आई, त्या परीक्षेला मी प्रार्थना न करता गेले होते. हात धुतले, ऍलर्जी विचारली, पास झाले. (हे पाळकसाहेबांना सांगू नकोस.) तुझा चेहरा त्या व्हिडिओत इतका उजळला होता की माझ्या तोंडून खरं निघेना. तिथून खोटं वाढत गेलं.

चर्चला जात होते, ते खोटं नव्हतं. माणसं चांगली आहेत. उपासनेनंतर चहा-बिस्किट, कोणाला तरी आपलं नाव नीट म्हणता यावं म्हणून ती धडपड. पण इंग्रजीत प्रार्थना करायला डोळे मिटले की मला वॉर्डातला हँडओव्हर, पाळी बदलताना रुग्णाची माहिती देतात तो, आठवायचा. आम्हाला एक साचा शिकवलाय : आधी परिस्थिती, मग पूर्वपीठिका, मग तपासणी, मग तुमची शिफारस. तशीच मी देवाला पप्पांची केस सांगायला लागायचे. वय इतकं, छातीत कळ, दवाखान्यात न्यायला उशीर. शिफारस काय करणार? तिथं डोळे उघडायचे.

मग ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार आला. इकडे त्या रात्री घड्याळं एक तास मागे घेतात. पहाटेचे दोन वाजले की पुन्हा एक वाजतो, आणि रात्रपाळीवाल्यांचा एक ते दोन हा तास दोनदा येतो. त्या दुसऱ्या एकच्या सुमाराला खिडकीजवळच्या बेडवरच्या आजी ओरडायला लागल्या. नव्वदीच्या पुढच्या, स्मृती गेलेली. दुपारी लेक भेटायला आली तेव्हा तिला त्या "ताई, तुम्ही कोण?" विचारत होत्या. मी जाऊन बसले. त्यांनी बेडची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पाणी नको, दिवा नको. कोणाला तरी बोलवत होत्या, नाव येत नव्हतं.

आणि एकदम शांत होऊन त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. इंग्रजीत, सुरुवातीपासून, एकही शब्द न अडखळता. मी सवयीनं ओठ हलवले. इंग्रजीत नाही गं, आपोआप आपल्यातलीच आली. "हे आमच्या स्वर्गातील पित्या…" त्यांची ओळ पुढं, माझी मागं. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" म्हटलं आणि भाकर या शब्दावर माझा गळा बंद झाला. इकडच्या शब्दाला पावाचा वास येतो. भाकर म्हटल्यावर मला चुलीपुढं बसलेली तू दिसलीस, परात, आणि पहिली भाकरी तव्यावरून काढून डब्यात भरून पहाटेच्या गाडीला पळणारे पप्पा.

आजी थांबल्या. माझी वाट बघत होत्या, खरंच. मी सावरले तशा त्या पुढं गेल्या. पुढच्या ओळीला त्या 'अपराध' अशा अर्थाचा शब्द म्हणतात. आपण म्हणतो ऋण. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे." पप्पांचा विनोद आठवला का? ही ओळ पतसंस्थेच्या चेअरमनला पाठ करायला लावली पाहिजे! मी रडत होते आणि मला हसू आलं. आमेन दोघींनी एकदम म्हटलं. आजी पाच मिनिटांत झोपल्या. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं; मला पाहून "तू कोण?" म्हणाल्या.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. सकाळी घरी येऊन आंघोळ केली आणि झोपले, एवढंच. पण इनचार्ज बाईंवरचा राग जरा सैल झाला होता. त्या तरी काय करणार, रात्रीच्या वॉर्डात माणसं किती असतात ते मी बघतेच.

पुढच्या सुट्टीला वाँटेजला गेले. बसनं तासाभरात पोचते. हे आपल्या आजीला मोठ्यानं वाचून दाखव, कारण गेले ते तिच्यासाठी. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आल्या त्या याच गावात, तिथल्या मठातल्या सिस्टरांकडे. याच सिस्टरांचं पुण्यातही काम होतं, ओळख तिथली. गाव आपल्या राहुरीपेक्षा लहान वाटलं. मधल्या चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, १८७७ पासून उभा, म्हणजे रमाबाई त्याच्यासमोरून कडेवर लेकीला, मनोरमाला, घेऊन गेल्याच असणार. मी तिथंच बाकावर बसून डबा खाल्ला. वारं असं की पोळी हातातून उडावी.

आपल्या घरात रमाबाई म्हणजे केडगाव, मुक्ती मिशन, भिंतीवरचा पांढऱ्या साडीतला फोटो. पणजी तिथं वाढली, लहानपणी छापखान्यात कागदांच्या घड्या घालायची, हे आजीनं शंभरदा सांगितलंय. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, भाषांतराची शेवटची प्रुफं होईपर्यंत बाईंनी देवाकडे आयुष्य मागून घेतलं, तेही आजीचंच. पण वाँटेजच्या रमाबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेलेले, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. डॉक्टर व्हायला आल्या होत्या. कानानं ऐकू येईनासं झालं होतं, ते स्वप्न तिथंच मिटलं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच गावात जीव दिला. आणि त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबरला, माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

मला लहानपणापासून वाटायचं, बाप्तिस्मा झाला की झालं, माणूस खडकावर उभा राहिला. पण रमाबाईंनी स्वतःच पुढं लिहिलंय की धर्म त्यांना तेव्हा मिळाला, ख्रिस्त सापडायला आठ वर्षं गेली. आठ वर्षं! त्या काळात त्या अमेरिकेला जाऊन आल्या, मुंबईत शारदा सदन काढलं, पुण्यातल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. म्हणजे सापडलेलं नसतानाही कामं चालूच होती. माझे अडीच महिने त्यापुढं काय गं.

आता खरी गोष्ट. दादानं तुला सांगू नको म्हटलं होतं, पण तुला कळायला हवी असं मला वाटतं.

पप्पांच्या शास्त्रातल्या स्तोत्रांच्या पानांचे फोटो मी दादाकडून मागवले. निळ्या पेनानं समासात तारखा लिहायची त्यांची सवय तुला ठाऊक आहे : माझा दहावीचा निकाल, दादाचं लग्न, तुझं ऑपरेशन. स्तोत्र २३ चं पान तर बोटांनी काळं पडलंय. पण ८८ व्या स्तोत्राजवळही एक नोंद आहे. ते स्तोत्र चर्चमध्ये सहसा कोणी वाचत नाही, कारण त्यात शेवटी उजाडतच नाही. रडत सुरू होणारी बाकीची स्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीवर येतात. हे अंधारावर संपतं. तिथं पप्पांनी लिहिलंय : "नोव्हें. २०२१. पगार नाही." खाली, वेगळ्या दिवशी लिहिलेलं असावं, कारण शाई वेगळी आहे : "अजून नाही."

एसटीचा संप आठवतो ना? एप्रिल उजाडेपर्यंत चाललेला. माझ्या नर्सिंगची फी थकली होती, डेपोतल्या कोणाकोणाला निलंबनाची पत्रं आली होती. त्या सगळ्या महिन्यांत रात्री नऊच्या घरगुती प्रार्थनेला पप्पा आपल्याला काय वाचून दाखवायचे? "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." खणखणीत आवाजात, तिकिटं फाडताना काढायचे तसा. मी तेव्हा मनात चिडायचे की पीठ उधारीवर आणलंय आणि हे म्हणतात उणे पडणार नाही. त्यांना सगळं सोपंच वाटतं, असं मला वाटायचं. आणि ते एकटे बसून ८८ वाचत होते. आपल्याला २३ द्यायचे आणि स्वतःला ८८ ठेवायचे.

तुला माहीत होतं का? असलं तर मला सांग. नसलं तर दादावर रागावू नकोस.

मी हल्ली प्रार्थना करते, आता खरंच. मोठी नाही. लिनन रूममध्ये चादरी काढताना, बस चुकली की स्टॉपवर. मराठीत. कधी ८८ मधली एखादी ओळ, कधी नुसतं "पप्पा नाहीत, प्रभू" एवढंच. त्यात शिफारस काही नसते. एखाद्या दिवशी काहीच वाटत नाही, तरी म्हणते. तुझ्यासारखं तोंड उजळत नाही माझं. ड्यूटीला मात्र पाय ओढत जावं लागत नाही.

एक मागणं आहे. आता घड्याळं बदलल्यामुळं तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे इकडचे दुपारचे साडेतीन. रविवारी मी मोकळी असते. पप्पांचं शास्त्र मला पाठवू नकोस, तिथंच कपाटावर राहू दे. तू फोन लाव आणि प्रार्थनेला पुस्तकाजवळ ठेव. चित्र दिसलं नाही तरी चालेल. तू पान उलटतेस तो आवाज येतो.

आजीला, दादा-वहिनीला सलाम. छोट्याचा पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. पतसंस्थेचा या महिन्याचा हप्ता दादाच्या खात्यावर टाकलाय. भरल्यावर पावती घ्यायला सांग, मागच्या वेळेसारखं "नंतर देतो" म्हणाले तर तिथंच बसून राहायचं. आणि नाताळच्या करंज्यांचं सारण वहिनीला नीट लिहून पाठवायला सांग. इकडे सुकं खोबरं गोड घातलेलं मिळतं, साखर किती कमी करायची?