लेयर ढकलू न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

नकाशावर तुमचं नाव घालायला तुम्ही साफ नकार दिलात, म्हणून हे जाहीर पत्र. रागावलात तरी चालेल.

नाशिकच्या जुन्या विहिरी, कुंडं आणि गोदावरीला मिळणारे वाघाडी-नासर्डीसारखे प्रवाह आम्ही क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र आणत होतो. जुन्या प्रकल्पातून आलेली विहिरींची शेपफाईल (बिंदूंच्या जागा साठवणारी फाईल) उपग्रहचित्रावर टाकली, तर विहिरी लोकांच्या गच्चीवर! आकडे कुठल्या पद्धतीतले ते सांगणारी सोबतची पीआरजे फाईल गायब, त्यामुळे कुणीतरी अंदाजाने डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसची पद्धत, लावलेलं. लेयर, म्हणजे नकाशावरचा विहिरींचा थर, उचलून हाताने जागेवर सरकवावा, असं आमच्यात जवळजवळ ठरलं होतं.

तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, “सगळे बिंदू एकाच दिशेला, सारखेच सरकलेत का?” पाहिलं, तर सगळे आग्नेयेला, शंभर मीटरच्या आसपास. ठिकठिकाणी वेगवेगळं सरकलं असतं, तर स्कॅनच्या जिओरेफरन्सिंगवर (स्कॅन केलेला नकाशा खऱ्या जागी बसवण्यावर) संशय घेतला असता, म्हणालात. मग लेयरची व्याप्ती, म्हणजे त्यातल्या आकड्यांची हद्द, वाचायला लावलीत. आकडे त्र्याहत्तर आणि वीसच्या घरातले, म्हणजे अंशच. मीटरमध्ये मोजणारं यूटीएम ४३ उत्तर असतं, तर नाशिकला पूर्वेचा आकडा पावणेचार लाखांच्या जवळ आणि उत्तरेचा बावीस लाखांवर दिसला असता. उरला डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात तो पाया. बिंदू जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षणाच्या छापील नकाशावरून) उतरवलेले होते. ते शीट एव्हरेस्ट लंबगोलावरचं (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती रूप), कल्याणपूर डेटमचं, त्यामुळे त्यावरचे अक्षांश-रेखांश जीपीएसच्या अक्षांश-रेखांशांशी जुळणार कसे?

पुढचं मात्र मी कायम लक्षात ठेवीन. ‘सेट लेयर सीआरएस’ने (सीआरएस म्हणजे निर्देशांकांची पद्धत) आकडे बदलत नाहीत, ते आकडे कुठल्या पद्धतीतले आहेत एवढंच सॉफ्टवेअरला कळतं. म्हणून आधी तिथे खरं ते, कल्याणपूर १९७५, म्हणजे ईपीएसजी ४१४६ (पद्धतींच्या यादीतला तिचा क्रमांक) सांगायचं आणि मग ‘रिप्रोजेक्ट लेयर’ने ३२६४३, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ वरच्या यूटीएम ४३ उत्तरमध्ये, नवी फाईल काढायची. मधे डेटम रूपांतराची खिडकी आली, तर डोळे मिटून ओके दाबायचं नाही. (हे तुम्ही जरा चढ्या आवाजातच सांगितलंत.)

विहिरी गच्चीवरून उतरल्या. तरी काही ठिकाणी दहा-वीस मीटरचा फरक राहिला, तोही काढायला आम्ही निघालो होतो. १:५०,००० च्या शीटवर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर, असं सांगून तुम्ही थांबवलंत. त्यापुढची अचूकता हवी असेल तर विहिरीपाशी जाऊन रीडिंग घ्या, म्हणालात. पंचवटीतल्या विहिरींपासून सुरुवात केली आहे.

आता प्रत्येक फाईलसोबत मूळ शीट, डेटम आणि वापरलेलं रूपांतर लिहून ठेवतो. पुढे त्र्यंबककडचं शीट घेणार आहोत. तेव्हा पुन्हा फोन येईल, आधीच सांगून ठेवतो.

तुमचा ऋणी,
नाशिकचा एक नकाशेवाला