घरी तीव्र ॲसेटिक आम्ल करण्याचा आग्रह नको

महोदय,

शालेय विज्ञान प्रदर्शनांच्या दिवसांत काही विद्यार्थी बाजारचे व्हिनेगर, म्हणजे पाणी मिसळलेले ॲसेटिक आम्ल, घरीच उकळून किंवा गोठवून तीव्र ॲसेटिक आम्ल करू पाहतात आणि ते धातूंवर ओतण्याचा प्रकल्प मांडतात. धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील शिक्षकांनी हा प्रकार उत्तेजन न देता थांबवावा, अशी कळकळीची विनंती आहे.

पाणी 100 अंशांना आणि शुद्ध आम्ल सुमारे 118 अंशांना उकळत असले, तरी दोहोंची वाफ एकत्रच निघते. त्यामुळे घरगुती भांड्यात ते नीट वेगळे होत नाहीत, मात्र डोळे आणि घसा जाळणारी वाफ घरभर पसरते. शुद्ध आम्ल सुमारे 16.6 अंशांना गोठते, म्हणजे आपल्याकडील पौषातल्या थंडीत बाटलीतच त्याचा खडा होतो. उन्हाळ्याचा धोका याहून मोठा आहे. सुमारे 40 अंशांना त्याची वाफ ज्योतीने पेट घेऊ शकते आणि भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याच्याही वर जातो.

शिवाय ज्या हेतूने हा खटाटोप होतो, तोही साधत नाही. पाण्यावाचून या आम्लाचे आयनीभवन, म्हणजे विद्युतभारित कणांत विभागणे, फारच कमी होते, म्हणून मॅग्नेशियमची फीत शुद्ध आम्लापेक्षा पाणी मिसळलेल्या आम्लात अधिक वेगाने विरघळते. जस्त किंवा लोखंडाच्या चुऱ्यावर हायड्रोजनचे बुडबुडे पाहायला साधे, चार-पाच टक्क्यांचे व्हिनेगर पुरते. फक्त जवळ ज्योत नसावी आणि भांड्याचे तोंड बंद करू नये.

तांब्याची गोष्ट निराळी आहे आणि मुलांना शिकवण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे. तांबे या आम्लातून हायड्रोजन मोकळा करत नाही. परंतु हवेतील ऑक्सिजन मिळाला, की आम्लाच्या साहाय्याने त्यावर हिरवट जंगाल चढते, आणि बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ठेवलेले ताक किंवा कैरीचे लोणचे कळकते ते अशाच कारणाने, मग तिथले आम्ल दुसरे असले तरी. कल्हईचे कथील शुद्ध नसून त्यात शिसे मिसळलेले असेल, तर व्हिनेगरमध्ये चवीला गोडसर पण विषारी असे शिशाचे ॲसिटेट तयार होते, ही माहिती घराघरांत पोचायला हवी.

म्हणून प्रदर्शनांच्या आयोजकांनी घरी तीव्र केलेले कोणतेही आम्ल स्वीकारू नये आणि त्याऐवजी तांबे, पितळ व कल्हई केलेले पितळ यांचे तुकडे व्हिनेगरमध्ये अर्धे बुडवून आठवडाभर निरीक्षण करण्याचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली सुचवावा.

आपला,
एक रसायनशास्त्र शिक्षक, चाळीसगाव