माझी चप्पल उचलणाऱ्या मॅडमना

मॅडम,

मानेच्या ऑपरेशनला परवा आठ महिने झाले. हे पत्र तेव्हापासून मनात आहे, पण हातात पेन धरवत नव्हतं. आता धरवतं. आधी वहीत लिहून काढलं आणि मग नातीकडून टाइप करून घेतलं.

तुमच्याकडे फिजिओथेरपीला मी आले ती मानेला ट्रॅक्शन, म्हणजे मान ओढून धरणारं वजन, लावून घ्यायला. चिठ्ठीत तसंच लिहिलं होतं, दहा दिवस. तुमचा पॅसेज लांब. मी भिंतीला हात लावत येत होते आणि तुम्ही दारातून बघत होतात. मध्येच तुम्ही उठलात, माझ्या मागे गेलात, खाली वाकलात आणि माझ्या उजव्या पायातली चप्पल हातात घेऊन आलात. ती पाच-सहा पावलं मागेच राहिली होती. मला पत्ता नव्हता. तुम्ही गुडघ्यावर बसून ती माझ्या पायात घातलीत आणि वर बघून विचारलंत, "मावशी, निघालेली कळली नाही का?"

मॅडम, त्याआधीच्या दीड वर्षात माझ्या पायांकडे कुणी बघितलंच नव्हतं.

एकतीस वर्षं मी ब्लाऊज शिवले. हूक बोटांतून निसटायला लागले, सुईत दोरा ओवेना, काजं वाकडी पडायला लागली. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत वीज चमकून जायची. एकांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. एकांनी "वय झालं" म्हणून बोळवण केली. एकाने तर मान धरून दोन्हीकडे कडकन मोडली आणि पाचशे रुपये घेतले. ज्यांनी एमआरआय काढायला लावला त्यांनी फिल्म पाकिटातून अर्धीच ओढली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऑपरेशन करा, नाहीतर लुळ्या पडाल," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी घाबरून ते पाकीट कपाटावर टाकलं. मग ट्रॅक्शनची चिठ्ठी देणारे भेटले. त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. हे सगळे शिकलेले लोक आहेत, त्यांच्या दारात रांगा असतात. माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही ट्रॅक्शन लावायला साफ नकार दिलात. मूठ उघडा-मिटा म्हणालात आणि घड्याळ लावून मोजलंत. दहा सेकंदांत वीस तरी व्हायला हव्यात, माझ्या 11 झाल्या. फिल्म खिडकीच्या काचेवर धरलीत. मी शिवणकाम करते हे कळल्यावर म्हणालात, "परकराच्या नेफ्यात नाडी असते ना, तसा मणक्यांच्या नळीत हा मज्जारज्जू, मेंदूतून हातापायांकडे जाणारा. नेफा जागोजागी आवळलाय, नाडी दबलीय." एरवी सतरा-अठरा मिलिमीटर असते ती जागा माझ्या मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये आठच उरली होती. मिलिमीटर मला कुणी समजवायला नको. ब्लाऊजच्या गळ्यात तेवढ्याने मापं चुकतात.

मी विचारलं, "मग करू का ऑपरेशन?" तुम्ही हो किंवा नाही म्हणाला नाहीत. म्हणालात, हलकं असतं तर लक्ष ठेवून थांबता आलं असतं, पण हात आणि चाल दोन्ही गेल्यावर थांबण्यात धोका जास्त. हेही सांगितलंत की गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, आहे ते राखण्यासाठी हे करायचं. काहींना नंतर गिळताना त्रास होतो, काहींचा खांदा काही महिने उचलत नाही. आमच्या गल्लीत सगळे एकच सांगत होते, कण्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळतो. तुम्ही धोका लपवला नाहीत, म्हणून तुमच्या बाकीच्या शब्दांवर माझा विश्वास बसला. फी पुढे केली तर म्हणालात, "मी काही केलंच नाही." मग एका सर्जनना फोन करून माझी वेळ घेतलीत.

तरी मी तीन आठवडे घेतले ठरवायला. रात्री झोप नव्हती. शेवटी भीतीपेक्षा तुमचं ते खाली वाकणं जास्त आठवत राहिलं. परक्या बाईची चप्पल हातात घ्यायला मोठं मन लागतं. आपल्याकडे तर सून सासूचीही पटकन घेत नाही. वॉर्डात अशीच एक आया भेटली, ऑपरेशननंतर मानेला कॉलर असताना मला खाली बघता यायचं नाही म्हणून ताटात काय कुठे वाढलंय ते रोज सांगायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. अशी माणसं असतात, मॅडम, पण ती भेटेपर्यंत आपण किती दारं फिरतो.

आता मुठी 17 होतात. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत, ती तशीच राहतील असं सर्जन म्हणाले. हूक सून लावते, शिलाई मी मारते. सुईत दोरा तिसऱ्या खेपेला जातो.

सोमवारी देवळाच्या पायऱ्या उतरताना उजव्या पायातली चप्पल निघाली. मला लगेच कळलं. मी थांबले, कठडा धरला, आणि पायानंच ती ओढून घातली.

तुमची,
ब्लाऊजवाली मावशी