दहावीचा वर्ग छात्राध्यापकांच्या हाती देणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

बी.एड.चे छात्राध्यापक शाळेत आले की त्यांना आठवी-नववीचे वर्ग मिळतात. दहावीचा वर्ग सहसा कुणी सोडत नाही. बोर्डाची परीक्षा डोक्यावर असते, पालक विचारणा करतात आणि उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं. पंचवटीतल्या तुमच्या शाळेत तुम्ही मात्र दरवर्षी पहिल्या सत्रात दहावी विज्ञानाचा एक अख्खा घटक आमच्या मुलामुलींवर सोपवता. वार्षिक नियोजन करतानाच त्या घटकाला दोन तासिका जास्तीच्या धरता आणि काही कच्चं राहिलं तर त्या दोन तासिकांत स्वतः पक्कं करून घेता. या कामाचं वेगळं मानधन तुम्हाला मिळत नाही. निदान आभार तरी चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या कामाला 20 आठवडे मिळाले. त्यातले 16 आठवडे दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे. कागदावर हा काळ भरपूर दिसतो. पण बदली तासिका, हजेरीपट, गठ्ठे लावणं, कार्यक्रमाची सजावट यांत तो कसा वाहून जातो हे आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. छात्राध्यापक म्हणजे आयता बदली शिक्षक, असा समज रूढ आहे. तुमच्याकडे पहिल्याच दिवशी नियम ठरतो: गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर छात्राध्यापकाला एकट्याला पाठवायचं नाही. पेठ-सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्यांना सकाळच्या सत्रात पहिली तासिका न देणं हेही तुम्हीच सुरू केलंत. धापा टाकत वर्गात शिरलेल्या शिक्षकाचं वर्ग पहिल्या पाच मिनिटांतच माप काढतो, हे तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे.

सुरुवातीचा आठवडा तुम्ही कुणाला शिकवू देत नाही. नुसतं मागच्या बाकावर बसवतही नाही. बाकांचा नकाशा काढायला लावता आणि शिक्षकाने ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी टिंब द्यायला सांगता. तासिका संपली की टिंबं पुढच्या दोन ओळींत आणि मधल्या वाटेच्या कडेला दाटलेली दिसतात. तुमच्या स्वतःच्या तासिकेचा नकाशाही तुम्ही तसाच काढून घेता. त्यानंतर फक्त प्रस्तावना, मग अर्धी तासिका, मग पूर्ण आणि शेवटी सलग घटक. आमच्या महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोट्या पाठाच्या सरावाचं, 36 मिनिटांचं चक्र असतं: 6 मिनिटं पाठ, 6 प्रत्याभरण (फीडबॅक), 12 पुनर्नियोजन, 6 पुन्हा पाठ आणि 6 पुन्हा प्रत्याभरण. तिथे समोर सहाध्यायी विद्यार्थी बनून बसलेले असतात आणि ते शहाण्यासारखी उत्तरं देतात. साठ खरी मुलं समोर आली की त्या 6 मिनिटांची घडी विस्कटते. तुमच्या चढत्या पायऱ्यांमुळे ती वर्गातच पुन्हा बसते.

35 मिनिटांच्या तासिकेसाठी तुम्ही 28 मिनिटांचंच पाठ टाचण मागता, त्याचं कारण आता आम्हीही शिकवतो. वर्ग स्थिरावायला तीन-चार मिनिटं जातात, शेवटी वह्या आणि साहित्य आवरायला तेवढीच. टाचण पूर्ण 35 मिनिटांचं असलं की प्रस्तावना लांबते आणि कात्री नेमकी मूल्यमापनाला लागते, म्हणजे मुलांना काय कळलं ते तपासायचंच राहून जातं.

‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या प्रकरणातला तुमचा प्रयोग आम्ही आता सगळ्यांना दाखवतो. बहिर्वक्र भिंग खिडकीसमोर धरायचं, बाहेरच्या लांबच्या झाडाची उलटी, स्पष्ट प्रतिमा वहीच्या कोऱ्या पानावर घ्यायची आणि भिंगापासून पानापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. तेच नाभीय अंतर. छात्राध्यापक इथे दोन ठिकाणी हमखास अडखळतो. एक म्हणजे भिंगं आधी वाटतो आणि सूचना मग देतो. हातात भिंग आलं की मुलं एकमेकांचे डोळे मोठे करून बघतात, सूचना कुणाच्याच कानावर पडत नाहीत. दुसरं, खिडकी गैरसोयीची वाटली की टेबलावर मोबाइलची बॅटरी लावतो. 10 सेंमी नाभीय अंतराच्या भिंगासमोर वस्तू 30 सेंमीवर असेल, तर प्रतिमा 15 सेंमीवर पडते. एक मीटरवर ठेवली तरी ती 11 सेंमीच्या थोडी पुढेच. मुलं 15 लिहितात, पाकिटावर 10 छापलेलं असतं आणि भौतिकशास्त्राचा पदवीधर भिंगाला दोष देतो. अशा वेळी तुम्ही वर्गासमोर मध्ये पडत नाही. नंतर त्यालाच भिंगाचं सूत्र मांडायला लावता. पुढच्या तासिकेला तो दोन्ही अंतरं मुद्दाम मोजून घेतो, आणि ‘वस्तू अनंत अंतरावर’ या शब्दांचा अर्थ मुलांना पट्टीवर दिसतो.

तुमच्या निरीक्षण वहीत ‘पाठ चांगला झाला’, ‘आवाज वाढवावा’ असे शेरे नसतात. तीन रकाने असतात: वेळ, शिक्षकाने काय केलं, मुलांनी काय केलं. ‘समजलं का?’ हा प्रश्न कितीदा आला आणि त्यावर वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हटल्यावर किती वह्या उघडून पाहिल्या, हेही त्यात असतं. प्रश्नानंतर किती सेकंद थांबला, तेही. अमेरिकन शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. आम्ही हे व्याख्यानात सांगतो, पण सांगून ते अंगवळणी पडत नाही. तुमच्या वहीतले सलग पाच ‘1’ पाहिले की पडतं. चर्चेत तुम्ही सुधारणेचा एकच मुद्दा देता आणि पुढच्या पाठात तेवढाच तपासता.

घटक चाचणीचंही तसंच. 20 गुणांची प्रश्नपत्रिका देण्यापूर्वी संविधान तक्ता (कोणत्या भागाला किती प्रश्न, किती गुण याचा आराखडा) आणि गुणदानासह नमुना उत्तरं लिहून हवीत. मग त्याच दहा उत्तरपत्रिका दोघांनी वेगवेगळ्या तपासायच्या. किरणाकृतीत बाण विसरला तर गुण कापायचा की नाही, यावर दोघांचं एकमत नाही हे तिथे उघड होतं, आणि निकष आधी का ठरवायचे ते कळतं.

या 16 आठवड्यांत छात्राध्यापकांचं लक्ष पुढच्या शिक्षक भरतीकडेही असतं, त्याबद्दल तुम्ही त्यांना कधी टोचून बोलला नाहीत. 120 मिनिटांत 200 प्रश्नांची अभियोग्यता चाचणी, शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, त्यानंतर तीन वर्षं शिक्षणसेवक. त्या चाचणीत उमेदवार वर्गासमोर कसा उभा राहतो हे कुणी पाहत नाही. ते तुम्ही पाहिलेलं असतं. आमच्या दृष्टीने त्या वहीचं मोल गुणपत्रिकेपेक्षा जास्त आहे.

तुमच्या तीन रकान्यांवरून आम्ही महाविद्यालयाचा पाठ निरीक्षण तक्ता बदलला आहे. तुम्ही सुचवल्याप्रमाणे पुढच्या तुकडीची नावं, अध्यापन विषय आणि येण्या-जाण्याच्या वेळा शाळेचं वेळापत्रक बसण्याआधीच तुमच्याकडे पोहोचतील. दहा भिंगांचा एक संचही सोबत देतो आहोत. तो शाळेलाच राहू द्या.

आपले कृतज्ञ,
विज्ञान अध्यापन पद्धतीचे अध्यापक,
नाशिक