टर्मिनल बंद केलं की व्हेरिएबल जातं कुठे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचून हसू आलं. राग मानू नकोस, हसलो ते स्वतःलाच. "रात्री चालत होतं, सकाळी मशीन सुरू केलं तर जावा सापडत नाही म्हणतंय" हे वाक्य मीही कितीदा बोललोय!

तू लिनक्सवर जेडीके (जावाची डेव्हलपमेंट किट) ऑप्ट फोल्डरमध्ये टाकलास, टर्मिनलमध्ये जावा_होम, म्हणजे जावा कुठे आहे हे सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, एक्सपोर्ट केलंस आणि काम झालं. होणारच. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम, ज्या प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) जन्म देतो त्यांना त्याच्याकडच्या एक्सपोर्ट केलेल्या व्हेरिएबलांची नक्कल मिळते. शेल मिटला की त्याच्याकडचं सगळं गेलं. आणि नक्कल खाली उतरते, वर कधीच चढत नाही. म्हणून तर एक्सपोर्टच्या ओळी स्क्रिप्टमध्ये लिहून ती नुसती चालवली, तर आपल्या टर्मिनलला पत्ताही लागत नाही. ती सोर्स करावी लागते, म्हणजे आपल्याच शेलला वाचायला लावावी लागते. १९७९ च्या सातव्या युनिक्सपासून हा कारभार असाच चाललाय.

तू विचारलंस, कुठल्या फाइलीत लिहू? मी आधी विचारतो, तो प्रोग्रॅम सुरू कोण करतं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तू स्वतः टर्मिनलमधून चालवणार असशील तर होममधली .बॅशआरसी पुरे. बॅश हा नेहमीचा शेल टर्मिनल उघडताना ती वाचतो. मेन्यूतल्या चिन्हावर क्लिक करून उघडणार असशील तर ती कामाची नाही, कारण डेस्कटॉप ती फाइल वाचतच नाही. तिथे .प्रोफाइल बघायची. पण होममध्ये .बॅश_प्रोफाइल असेल तर बॅश .प्रोफाइलकडे ढुंकूनही बघत नाही. एखादं इन्स्टॉलर ही फाइल गुपचूप बनवून ठेवतं आणि आपण भलतीकडे शोधत बसतो.

मशीनवरच्या सगळ्यांसाठी हवं असेल तर इटीसीमधल्या प्रोफाइल.डी फोल्डरात छोटी .एसएच फाइल ठेव, नाहीतर इटीसीतलीच एन्व्हायर्नमेंट नावाची फाइल घे. ही दुसरी स्क्रिप्ट नव्हे. लॉगिनच्या वेळी पॅम, म्हणजे लॉगिन सांभाळणारी व्यवस्था, ती वाचते. त्यामुळे तिच्यात नुसतं नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. जुन्या पाथला (कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांच्या यादीला) जोड द्यायची म्हणून तिथे डॉलर-पाथ लिहिलंस तर शेलमध्ये होतो तसा त्याचा विस्तार होऊन जुनी यादी तिथे येईल हे गृहीत धरू नकोस.

पाथवरून आठवलं. बॅशआरसीत पाथला नवा फोल्डर देताना शेवटी कोलन आणि डॉलर-पाथ विसरू नकोस. मी एकदा विसरलो आणि फायलींची यादी दाखवणारी एलएस कमांडसुद्धा सापडेना! शेवटी नॅनो एडिटरचा यूएसआर-बिन-नॅनो असा पूर्ण पत्ता टाइप करून फाइल उघडली, तेव्हा सुटलो.

अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या सुडोची गंमत वेगळीच. तो तुझी बहुतेक व्हेरिएबलं दारातच काढून घेतो. हे सुरक्षेसाठी आहे, तेव्हा त्याच्याशी भांडू नकोस. त्या एका कमांडपुरतं सुडो या शब्दानंतर, कमांडच्या आधी, नाव आणि किंमत लिही.

आता माझी फजिती. सर्व्हरवर एक सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम) होती, तिला एक टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, हवं होतं. मी ते इमानेइतबारे बॅशआरसीत लिहिलं. हाताने चालवली की पळायची, सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीने सुरू केली की टोकन नाही म्हणून मान टाकायची. तीनदा रीबूट केलं. मग कधीतरी डोक्यात आलं, आणि प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखालची एन्व्हायर्न फाइल वाचली. आत पाथ, होम, लँग अशी चार-पाच नावं, बाकी शुकशुकाट. सिस्टमडीची सर्व्हिस माझ्या शेलची पोर नव्हतीच, मग माझी बॅशआरसी तिला कोण वाचून दाखवणार?

सिस्टमसीटीएल एडिट म्हणून सर्व्हिसचं नाव दिलं, सर्व्हिस या मथळ्याखाली टोकनच्या फाइलीचा पत्ता देणारी एन्व्हायर्नमेंटफाइलची एक ओळ लिहिली, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि दोन मिनिटांत प्रश्न मिटला. टोकन थेट युनिट फाइलीत (सिस्टमडीला सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलीत) मात्र लिहू नये, सिस्टमसीटीएल शोने ते कुणालाही दिसतं. वेगळ्या फाइलीत ठेवून तिला ६०० परवानगी द्यावी, म्हणजे फक्त मालकालाच ती वाचता-लिहिता येते. त्या फाइलीत एक्सपोर्ट हा शब्द नको. युनिट फाइल हाताने बदललीस तर रीस्टार्टच्या आधी सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड द्यायचा. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचंही असंच, त्याचा पाथ अगदीच तोकडा असतो. तिथे पूर्ण पत्ते लिहिलेले बरे.

तुझा एडिटर तू मेन्यूतून उघडतोस, तेव्हा जावा_होम इटीसीतल्या एन्व्हायर्नमेंट फाइलीत लिही. मग नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागणार नाही, लॉगआउट करून परत आत ये. तरीही अडलं तर एडिटरच्या प्रोसेसची ती एन्व्हायर्न फाइल मला पाठव. आतले पासवर्ड आधी खोड, मागच्या वेळेसारखं करू नकोस.

तुझा,
जुना टर्मिनलवेडा