खाडीत परतून आलेल्या तांडेलास

आबा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीच्या मोबाइलवर येईल आणि ती तुम्हाला पडवीत बसवून मोठ्यानं वाचून दाखवेल. तिला सांगून ठेवलंय, की आबा ‘पुरे गं’ म्हणाले तरी थांबायचं नाही. खरं तर हे घरी येऊन सांगता आलं असतं. चारचौघांत का लिहितोय ते पुढं येईलच. सुरुवातीलाच लिहायचा धीर होत नाहीये.

११ नोव्हेंबर २००९, बुधवार. तारीख तुम्हाला सांगायला नको. फयान वादळ आपल्या किनाऱ्याकडेनं वर सरकत गेलं आणि दुपारी अलिबाग आणि मुंबईच्या मधे जमिनीवर चढलं. मी तेव्हा सहावीत होतो, अकरा वर्षांचा. बाबा खलाशी होते तो ट्रॉलर आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, आठवड्यानं आला नाही. फळकूट नाही, बोया नाही, काही नाही.

त्या दिवसांत आमच्या घरात दोन घोळके असायचे. आत बायका, बाहेर माडाखाली बाप्ये. आई हंबरडा फोडायची आणि चौघीजणी तिला धरून ठेवायच्या. धाकटी बहीण कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असायची. मी आत गेलो की कुणीतरी म्हणायचं, “तू बाहेर बस जा, बाप्यांत.” बाहेर गेलो की एकेकजण खांद्यावर हात ठेवायचा. “आता तू घरातला कर्ता. तू रडलास तर आईनं कुणाकडं बघायचं?” वाईट नव्हतं कुणीच. त्याच माणसांनी तांदूळ आणून टाकला, त्यांनीच बंदर खात्यात आणि पोलीस ठाण्यात खेपा घातल्या. पण त्या सगळ्या दिवसांत मला एकानंही पोटाशी धरलं नाही. खांद्यावर आलेला प्रत्येक हात थोडं थोडं वजन ठेवून गेला.

आणि रडायचं तरी कशाला धरून? बाबा गेले असं कुणी म्हणत नव्हतं. कायद्यानंही म्हणता येत नव्हतं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं १०८ वं कलम मी पुढं स्वतः वाचलं. ज्याची खबरबात असायला हवी अशा माणसांना सात वर्षं ज्याचा पत्ता नाही, तो मेला असं तेव्हा कुठं धरता येतं. आता कायद्याचं नाव बदललं, सात वर्षं तीच आहेत. म्हणजे सात वर्षं आई सवाष्णही नव्हती आणि विधवाही नव्हती. मी मात्र पहिल्याच दिवशी कर्ता झालो होतो. त्याला कुठला दाखला लागला नाही.

रात्री माझं अंथरूण ओलं व्हायचं. पहाटे आई मासळीची पाटी घेऊन निघायच्या आधी मी गोधडी विहिरीवर धुऊन टाकायचो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शाळेत एकाला मी दगडानं मारलं, त्याच्या कपाळाला टाके पडले. घरी शिव्या बसतील असं वाटलं होतं. तर धक्क्यावर एकजण म्हणाला, “बापाचं रक्त आहे, पोरगा दबायचा नाही.” त्या वयातही मला नेमकं कळलं, की मला काय काय चालणार आहे. राग चालेल. बाकी काही चालणार नाही.

अशात तुम्ही मला जाळ्याच्या खोपीत बोलावलंत. “पोराला हात चालवायला द्या माझ्याकडं,” असं आईला सांगितलंत. दिवसाला काही पैसेही द्यायचात, ते आईच्या हातात. मला वाटलं, कर्त्याला काम मिळालं.

सुई कशी भरायची, पट्टीवर दोरा कसा घ्यायचा, गाठ कुठं आवळायची हे तुम्ही दाखवलंत. सगळे आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, एका मापाचे आले पाहिजेत, एक सैल पडला की त्याच्या शेजारचा फाटतो. मी गाठ मारायचो, तुम्ही बोटानं ओढून बघायचात, चुकली की न बोलता सोडवून परत दोरा हातात द्यायचात. चार-पाच दिवस तुम्ही कामापलीकडं चकार शब्द बोलला नाहीत. मग एका संध्याकाळी, मान खालीच ठेवून, विचारलंत, “भ्या वाटतं का रं पोरा?”

मी म्हटलं, “नाय.”

“मला तर वाटतं,” तुम्ही म्हणालात.

आबा, त्या वेळेपर्यंत मी एकाही बाप्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं नव्हतं. तेही तुमच्या तोंडून, ज्यानं चाळीस वर्षं बोट चालवली. मग तुम्ही १० तारखेचं सांगत गेलात. दक्षिणेकडून पाणी फुगून येत होतं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटायचा तो सुटलाच नाही. पोटात गोळा आला, आणि तुम्ही खलाशांना स्पष्ट सांगितलंत, “मला भ्या वाटतंय, बोट फिरवतो.” डिझेल जळलेलं, बर्फ वितळत चाललेला, खणात मासळी नाही, म्हणजे कुणाच्याच वाट्याला काही येणार नव्हतं. खलाशी कुरकुरले. तुम्ही वायरलेसवर आजूबाजूच्या बोटींना साद घातलीत, “परत फिरा, खाडीत शिरा.” पलीकडून कुणीतरी हसलं. “आबा, बांगड्या भरा आता.”

तो आवाज कुणाचा होता ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. बाबांचा नसावा असं मी सोळा वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण बाबा त्याच पाण्यावर होते, आणि त्यांच्या बोटीवरच्या सात-आठ जणांत एकाला तरी भीती वाटली असेलच. ती त्यानं तोंडानं काढली का? काढली असेल तर त्याला काय ऐकावं लागलं? या प्रश्नांपाशी मी अजूनही येऊन थांबतो.

सांगता सांगता तुम्ही रडायला लागलात. तोंड लपवलं नाहीत, उठून बाहेर गेला नाहीत. नाक पुसलंत, परत सुई घेतलीत, परत रडलात. “अजून दोनदा हाक मारायला पायजे हुती,” एवढंच म्हणत राहिलात. मग मला फुटलं. किती वेळ ते आठवत नाही. तुमच्या अंगाला डिझेलचा आणि खाऱ्या दोऱ्याचा वास येत होता, एवढं आठवतं. घरी सोडायला आलात तेव्हा वाटेत म्हणालात, “उद्या ये. बारा आस बाकी हाईत.”

त्या रात्रीपासून गोधडी धुवावी लागली नाही असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं. तसं झालं नाही, आणखी दोन-तीन महिने लागले. पण मी ती लपवून धुणं थांबवलं. आईला सांगितलं, आणि आईनं मला तिच्याजवळ झोपायला घेतलं.

पुढच्या नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ समुद्रात गेला, बोटी उतरल्या. बाबांच्या जागी मी बोटीवर जावं असं ठरत होतं. पोरगा आत्ताच तयार होईल, घराला हातभार लागेल. धक्क्यावर पाय ठेवला की मला उलटी व्हायची. “बापाचं नाव घालवणार हा,” असं एकजण माझ्यादेखत बोलला. त्या बैठकीत तुम्ही उठून उभे राहिलात. लांबलचक काही बोलला नाहीत. “हा शाळंत जाईल. दर्या पळून जात नाय.” आणि नुसतं बोलून सोडलं नाहीत. भांगाची भरती असेल, पाणी फार चढत-उतरत नसेल, अशा दिवशी तुम्ही मला लहान होडीत बसवून जयगडच्या खाडीत न्यायचात. शास्त्रीच्या मुखापर्यंत, त्याच्या पुढं एक हातही नाही. भीती वाटली की मी हात वर करायचा आणि तुम्ही होडी फिरवायची, असं ठरलं होतं. पहिल्या खेपेला मी बंदरातून निघताच हात वर केला. तुम्ही फिरवलीत. दुसऱ्या खेपेलाही. तुम्ही एकदाही ‘थोडं अजून’ म्हणाला नाहीत. आज मी पोहतो, होडी वल्हवतो, ते त्यामुळे.

सात वर्षं २०१६ च्या नोव्हेंबरात भरली. कागदपत्रं होऊन दाखला हातात यायला पुढचं साल उजाडलं. दाखला आला तशा वाडीतल्या चार म्हाताऱ्या आल्या, रीत करायला. आई भिंतीला टेकून बसली होती. मी अठरा पूर्ण, आता खराच कर्ता, आणि मला एक शब्द सुचेना. तुम्ही बाहेर बाप्यांत होतात. बायकांच्या कामात बाप्या माणूस शिरत नाही, तरी तुम्ही दारात आलात आणि म्हणालात, “सात वर्सं त्याच हातांनी पाटी उचलली तिनं. तिला इचारा.” आईनं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले आणि म्हणाली, “नको.” म्हाताऱ्या थोडा वेळ बसल्या, चहा घेतला, गेल्या. हिरव्या बांगड्या अजून तिच्या हातात आहेत. परवाच एक वाढवली तर कासारणीकडं जाऊन नवी भरून आली.

मी राजापूर तालुक्यात डोंगरातल्या शाळेत शिकवतो हे तुम्हाला माहीत आहे. पाचवी ते सातवी. तिथं समुद्र दिसत नाही, पण बाकी सगळं तेच आहे. गौरी-गणपती झाले, चाकरमानी मुंबईच्या गाड्यांना लागले, की दुसऱ्या दिवशी वर्गात दोन-तीन पोरगे नुसते खिडकीबाहेर बघत बसतात. यंदा त्यातल्या एकाचा बांध फुटला. बाप रात्रीच्या गाडीनं गेला होता. मागच्या बाकावरून लगेच आलं, “बायल्या!” मी बारकाईनं ऐकतो आबा, पोरं एकमेकांना काय म्हणून हिणवतात ते. बायल्या. बांगड्या भर. लुगडं नेस. सगळं त्यांच्या आयांच्या अंगावरचं. ज्या हातांनी सकाळी भाकरी थापून दिली त्याच हातांची शिवी होते, आणि दहा वर्षांच्या पोराला त्यात काही खटकत नाही, कारण त्यानं ती घरीच ऐकलेली असते.

मी त्या मुलाला गप्प बस म्हटलं नाही आणि मागच्या बाकाला मारलंही नाही. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो आणि सगळ्यांना माझ्या बाबांचं सांगितलं. सांगताना माझा आवाज गेला. जाऊ दिला. मधल्या सुट्टीत ‘बायल्या’ म्हणणारा पोरगा आपणहून माझ्याकडं आला, बराच वेळ नुसता उभा राहिला, आणि त्याचेही वडील गेल्या गणपतीपासून आलेच नाहीत एवढं सांगून पळाला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यातले १,२२,७२४ पुरुष. सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. कारणं अनेक असतात, आजार, कर्ज, घरातले ताण. एका गोष्टीवर सगळं ढकलणं बरोबर नाही. पण हा आकडा वाचला तेव्हा मला माडाखालचे बाप्ये आठवले. मला ‘रडू नको’ म्हणणारे सगळे बाबांचे सोबती होते. त्यांनीही माणूस गमावला होता, आणि त्यांना खोपीत बोलावणारं कुणी नव्हतं. त्यांच्यातले दोघे पुढं दारूत संपले. त्यांच्यावरचा माझा राग आता गेलाय.

तौक्ते आलं, २०२१ च्या मे महिन्यात, तेव्हा मी घरी होतो. रात्री कौलं उडायला लागली, माड कडाकडा मोडत होते. मी आईला म्हटलं, “आई, मला भीती वाटतेय.” ती म्हणाली, “मला पण. इकडं सरक.” दोघं चुलीशेजारी भिंतीला पाठ लावून उजाडेपर्यंत बसलो.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे पत्र उघड्यावर लिहिलं.

१० नोव्हेंबरच्या संध्याकाळी तुमची बोट रिकामी खाडीत शिरली तेव्हा आम्ही पोरं धक्क्यावर होतो. मोठी माणसं हसत होती, म्हणून आम्ही ओरडायला लागलो. “आबा भित्रा, बांगड्या भरा!” त्यात मी होतो. सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडत होतो, कारण माझे बाबा परतले नव्हते. माझे बाबा शूर होते आणि अजून दर्यावर होते, याचा मला त्या घटकेला केवढा अभिमान वाटत होता. तुम्ही दोर बांधून वर आलात, आमच्याकडं बघितलंत आणि डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसत निघून गेलात.

चारचौघांत जे ओरडलो ते चारचौघांतच मागं घ्यायला हवं. मला माफ करा आबा. तुम्ही बोट फिरवलीत म्हणून तुमच्या बोटीवरच्या सहा जणांची पोरं बापाजवळ वाढली. आणि बोलावून घेतलंत म्हणून मीही वाढलो. त्याचे आभार मानायला माझ्याकडं यापेक्षा चांगले शब्द नाहीत.

एक विचारायचं आहे, आणि ते नातीसमोर सांगितलंत तरी चालेल. त्या दिवशी धक्क्यावरच्या घोळक्यात तुम्ही माझा आवाज ओळखला होतात ना?

मे महिन्याच्या सुट्टीत येतो. तुमच्या डोळ्यांना आता बारीक आस दिसत नाहीत असं आई म्हणाली. सुई मी भरीन, तुम्ही बोटानं ओढून बघा.

तुमचा,
खोपीतला पोरगा